विमलआत्याचं आमेन

पाळकसाहेब अन् मंडळीतल्या सगळ्यायले माह्या सलाम. गल्लीतले शेजारीही आज चर्चच्या अंगणात येऊन बसले, तुम्हाले नमस्कार. मले भाषण येत नाही. मी शिलाई मशीनवर बसणारी बाई. घरून चिठ्ठी लिहून आणलती, पण आता उघडली तर अक्षरंच दिसून नाही राह्यले. राहू द्या ते.

विमलआत्या गेली. दवाखान्यात आया म्हणून तिनं सारी हयात काढली, अन् मंगळवारी सकाळी सुपात तूर पाखडता पाखडता बसल्या जागी गेली. माह्या सख्ख्या नात्यातली नव्हती ती. पण आपल्या नेर गावातल्या अर्ध्या लोकाइची ती आत्याच होती.

तिची एक खोड तुम्हा सगळ्यायले माहीत आहे. उपासनेत सगळे आमेन म्हणत, अन् आत्या कधी कधी तोंड मिटून बसे. हसून घ्या, हसा, तिले आवडलं असतं. मी तिले एकदा विचारलं, तर म्हणे, "आमेन मतलब तसंच होवो. जे होऊ नये असं मले वाटते, त्याले कायले म्हणू? देवापुढं सही कराची तर वाचून करावं, बाई." साक्षीच्या वेळी आपण उभं राहून म्हणतो, प्रभूची कृपा आहे, सगळं चांगलं आहे. आत्या उठे अन् म्हणे, "कृपा असंल. पण गुडघे लय दुखून राह्यले, हे बी त्याले माहीत असू द्या."

माह्यी लेक गेली, तेव्हाची गोष्ट सांगते. तीन दिवसांची होती. घर माणसाइनं भरलं होतं. मंडळीतल्या एका भावानं प्रार्थना केली. नाव नाही घेत, मन चांगलं होतं त्याचं. म्हणाला, देवा, तुले हे फूल आवडलं, तू खुडलं, तुह्ये आभार. सगळे आमेन म्हणाले. अन् मीही म्हणाली! सवयीनं म्हणाली. माह्या छातीत दूध दाटलं होतं, अन् मी देवाले म्हणत होती, तसंच होवो.

आत्या नाही म्हणाली. लोक गेल्यावर माह्याजवळ बसली. "म्या आमेन नाही म्हटलं, पोरी. तू बी वापस घे."

मी म्हटलं, "आत्या, आमेन वापस घेता येते काय?"

"काहून नाही? देव का दुकानदार आहे, एकदा घेतलं का वापस देत नाही असं सांगाले?"

म्या वापस घेतलं. ओरडून, भिंतीवर हात आपटून घेतलं. तिनं मले गप्प नाही केलं.

मग ती रोज सकाळी येऊ लागली. मी मशीनवर, ती पायरीवर. तिचा नियम एकच. "आधी गाऱ्हाणं, मग आभार. आभार आजचाच पाह्यजे, अन् खरा पाह्यजे. नाही सापडला तर राहू दे." कितीक महिने माह्याजवळ गाऱ्हाणंच होतं. देवा, काहून? एवढीच प्रार्थना. त्याले आत्या हळूच आमेन म्हणे. आभाराची पाळी आली का मग ती उठून चहा ठेवे.

तेव्हा मी लहान लेकराइचे कपडे शिवाले घेत नव्हती. तुम्ही समजू शकता. सव्वा वर्षानं कोणीतरी झबल्याचं कापड घेऊन आलं, अन् त्या दिवशी मी घेतलं. शिवलं. धागा तोडला अन् म्हणाली, देवा, हात थरथरले नाही, तुह्ये आभार. आत्या एवढ्या जोरात आमेन म्हणाली का समोरच्या काकांनी खिडकीतून इचारलं, काय झालं वो? काका, आठवते ना तुम्हाले?

परवा माती देताना पुन्हा तेच झालं. देवा, तू बोलावलं, तुह्ये आभार. तुम्ही सगळे आमेन म्हणाले. मी नाही म्हणाली. पाळकसाहेब, तुम्ही माह्याकडं पाह्यलं. राग नका मानू. आज मी तिच्या नियमानं प्रार्थना करते.

देवा, गाऱ्हाणं हे आहे. तू तिले न सांगता नेलं. माह्यी पायरी रिकामी केली. आता सकाळी मी कोणापुढं रडू? मले तुह्यावर राग आहे, अन् तो आज जाणार नाही.

आभार सकाळपासून शोधून राह्यली होती. आता इथं उभ्या उभ्या सापडला. माह्या लेकीच्या दिवशी सगळं घर आमेन म्हणत होतं, तेव्हा तू त्या घरात एक माणूस गप्प ठेवलं. त्याचे आभार, देवा.

आता आपण सगळे उभं राहू, शांत राहू. माह्यी एकच इनंती आहे. शेवटी सवयीनं कोणी आमेन म्हणू नका. ज्याचं खरं असंल त्यानं म्हणावं. ज्याचं आज नसंल, त्यानं ते घरी न्यावं. घाई नाही. आत्या माह्यासाठी सव्वा वर्ष थांबली होती.