महिना भरायच्या आत

केंद्रा : मिस व्हर्डेल, नुसती ओसरीवर बसते. दार उघडंच ठेवते.

व्हर्डेल : ओसरी म्हणजे बाहेरच. आज कुठे बारावा दिवस. महिना भरल्याशिवाय माझ्या घरातली बाळंतीण उंबऱ्याबाहेर पाय ठेवत नाही. तुझ्या नवऱ्याच्या, लॅमारच्या वेळी मी अलाबामातला अख्खा ऑगस्ट बंद खिडक्यांआड काढला. मेले का?

केंद्रा : कोंडल्यासारखं होतंय हो.

व्हर्डेल : होऊ दे. लेक झोपलीय तोवर ही मक्याची पेज गरम गरम पिऊन घे. काय गं, सारखे डोळे का मिटतेस?

केंद्रा : उजेड लागतोय.

व्हर्डेल : पडदे ओढलेत मी. कसला उजेड?

केंद्रा : सांगते, पण चिडणार नाही म्हणा आधी.

व्हर्डेल : ते ऐकून ठरवते.

केंद्रा : परवा तुम्ही चर्चला गेलात ना, तेव्हा मी टपालपेटीपर्यंत जाऊन आले. डोकं उघडंच होतं. वाराही होता. त्या रात्रीपासून डोकं ठणकतंय. गोळी घेतली तरी उतरत नाही. चूक माझी, म्हणून बोलले नाही.

व्हर्डेल : दोन दिवस डोकं दुखतंय आणि तू गप्प?

केंद्रा : तुम्ही म्हणाला असतात, सांगितलं होतं ना.

व्हर्डेल : म्हणालेच असते. आणि डोळ्यांचं काय?

केंद्रा : कडेला काहीतरी चमकतं. काजव्यांसारखं. मिस व्हर्डेल? तुम्हाला काय झालं? बसा ना.

व्हर्डेल : परत सांग. काय दिसतं?

केंद्रा : काजवे.

व्हर्डेल : लोरीन हेच म्हणाली होती.

केंद्रा : कोण लोरीन?

व्हर्डेल : माझी थोरली बहीण. मी बारा वर्षांची होते. तिला मुलगा झाला, आणि नवव्या दिवशी ती अंगणात कपडे वाळत घालून आली. म्हणाली, व्हर्डी, डोकं फुटतंय गं, भर दुपारी काजवे दिसतायत. आईने तिला अंथरुणात घातलं, खिडक्या लावल्या. संध्याकाळी झटके आले आणि गेली. सगळे म्हणाले, बाहेर गेली म्हणून वारा लागला. मीही पन्नास वर्षं तेच म्हणत आले. हात पुढे कर.

केंद्रा : कशाला?

व्हर्डेल : माझं प्रेशरचं यंत्र लावते. आता बोलू नकोस.

केंद्रा : किती आलं?

व्हर्डेल : वरचं एकशे अठ्ठ्याहत्तर. खालचं एकशे चौदा.

केंद्रा : बिघडलं असेल यंत्र. पोटुशी होते तेव्हा माझं प्रेशर चांगलं होतं. आणि आता तर बाळ झालंय.

व्हर्डेल : सकाळी माझं मोजलं तेव्हा बिघडलेलं नव्हतं. पाय बघ तुझे. रोज तेल लावत होते आणि म्हणत होते, बाळंतिणीचे पाय सुजायचेच. डोळे होते की बटणं माझे.

केंद्रा : तुमचीच एक गोळी दिलीत तर?

व्हर्डेल : माझी गोळी माझ्यापुरती. तू अंगावर पाजतेयस. ऊठ, इस्पितळात जायचं.

केंद्रा : आणि महिना?

व्हर्डेल : महिना गेला खड्ड्यात.

केंद्रा : त्यांनी सहा आठवड्यांनी बोलावलंय. मागे पोटात दुखत होतं, तेव्हा चार तास बसवून परत पाठवलं. मला भीती वाटते. उगाच आलीस म्हणतील.

व्हर्डेल : मला म्हणू देत. मी चर्चची हॅट घालते. हॅट असली की तिथली माणसं जरा मान देऊन बोलतात. गावात रुग्णवाहिका एकच आहे, ती येईपर्यंत आपण आपल्या गाडीने पोचूसुद्धा. लॅमारला कारखान्यातून थेट तिकडेच बोलावते. बाळाला मी घेते, तू माझा खांदा धर.

(इस्पितळातली खोली. केंद्राच्या हाताला सलाईन.)

केंद्रा : अंगातून आग फिरल्यासारखी वाटतेय.

व्हर्डेल : औषधाने होतं तसं, नर्स म्हणाली. झटके येऊ नयेत म्हणून आहे ते. प्रेशर एकशे चाळीसपर्यंत उतरलंय.

केंद्रा : बाळ?

व्हर्डेल : बापाच्या छातीवर झोपलीय. बाप घोरतोय.

केंद्रा : नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईला काय म्हणालात हो? लगेच आत घेतलं. ओरडलात?

व्हर्डेल : ओरडले असते तर रखवालदार आला असता. हळूच म्हणाले, ही बारा दिवसांची ओली बाळंतीण आहे, प्रेशर इतकं आहे, आणि माझी बहीण याच्यानेच गेली. तिने ते लिहून घेईपर्यंत खिडकीतला हात काढला नाही.

केंद्रा : डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर...

व्हर्डेल : मी होते तिथे. परत नको सांगूस.

केंद्रा : म्हणजे वाऱ्याने नव्हतं झालं?

व्हर्डेल : नाही गं बाळा. बाळ झाल्यावरही प्रेशर असं चढू शकतं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ना. लोरीनलाही नव्हतं. एवढी वर्षं मी मनातून तिच्यावर रागावलेली होते, कशाला गेलीस बाहेर म्हणून.

केंद्रा : आणि आता?

व्हर्डेल : आता तिची माफी मागायचीय. तू झोप. मी इथेच बसून मागते.