माहेरचा तवा

तुळिंजला रिक्षाच्या रांगेत कृतिकाच्या पुढे सुरुची आणि तिच्या शेजारच्या जयवंतीकाकू उभ्या होत्या. कृतिकाचे कान आपोआप टवकारले.

“काकू, घावन सुटलं! अख्खं!”

“त्या गंजलेल्या बिडाच्या तव्यावर?”

“हो ना! सासूबाई भंगारात द्यायला निघाल्या होत्या. म्हटलं, माहेरचा तवा आहे, आठ दिवस थांबा.”

“मग?”

“तुम्ही सांगितलंत तसंच केलं. चिंचेने गंज काढला, रोज तेल चोळून तापवला. तरी पहिली तीन घावनं फाटलीच.”

“आणि सासूबाई?”

“चौथं उलटलं तेव्हा ताटली पुढे केली. मग पाच खाल्ली!”

“आता साबण लावू नकोस हं.”

“मी कुठली लावतेय? आज त्यांनीच पुसून तेल लावलं. मला हातसुद्धा लावू देत नाहीत!”