दुसऱ्या रविवारची सूचना

आदरणीय अध्यक्ष पाद्रीसाहेब, मंचावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती थॅडियस वेंडेलभाऊ, हेस्टरवहिनी आणि आपल्या या ओहायोतल्या लहानशा चर्चच्या बंधुभगिनींनो,

आधी एक गंभीर तक्रार. मंचावर खुर्च्या सहा, शेगडी एक. आणि ती अध्यक्षांच्या पायाशी. वीस वर्षं चिटणीसपद सांभाळून माझ्या वाट्याला काय यावं, तर खिडकीची फट? असो.

वेंडेलभाऊ उद्या मुलीकडे कॅन्ससला निघाले. विसाव्या वर्षी मेरीलँडच्या तंबाखूच्या मळ्यातून पळालेला हा माणूस आधी गुलामगिरीविरुद्ध आणि मग मताच्या हक्कासाठी गावोगाव बोलत हिंडला. विकल्या गेलेल्या आईबद्दल बोलू लागला, की सभेत रुमाल निघत. मी एकदा विचारलं, "भाऊ, तेच तेच बोलून कंटाळा नाही येत?"

"येतो रे. पण आई एकच आहे, दुसरी कुठून आणू?"

युद्ध संपलं, गुलाम मोकळे झाले आणि जो तो आपली विकली गेलेली माणसं शोधू लागला. चर्चच्या वर्तमानपत्रात सूचना येत. त्या इथे मोठ्यानं वाचायचं काम माझं. प्रत्येक सूचना दोन रविवार वाचायची, असा नियम.

एका रविवारी मी वाचलं, की जॉर्जियातली एक बाई आपल्या प्रिमस नावाच्या मुलाला शोधते आहे. भाऊ त्या दिवशी भाषणासाठी परगावी. प्रिमस कोण, हे कुणाला ठाऊक? पळून आलेला माणूस जुनं नाव पुरूनच टाकतो, बायकोलाही सांगत नाही. पुढच्या बाकावर वहिनींनी डोळे पुसले. "बिचारी! कुणाची कोण असेल हो?"

सासू होती त्यांची.

पुढच्या रविवारी भाऊ परतले होते, तिसऱ्या बाकावर होते. पण छताच्या वर्गणीवरून वाद लांबला, मागून बायका ओरडल्या, "चिटणीसदादा, आवरा, कोंबडी गार होतेय!" मी आवरलं.

जुने अंक वहिनींच्या फडताळात अंथरायला गेले. दोन वर्षांनी काकवीची बरणी हलवताना भाऊंनी ती सूचना वाचली.

"अहो, काय झालं?"

"काही नाही. बरणी कुठे ठेवू?"

पत्र गेलं, आणि परत आलं. वर कुणीतरी लिहिलं होतं : म्हातारी मार्चमध्ये वारली, पत्र कुणाला द्यावं कळत नाही.

भाऊ भाषणं करतच राहिले. आईचा भाग तेवढा गाळला. सभेच्या लक्षातही आलं नाही. रुमाल दुसऱ्या एका वाक्याला निघू लागले.

भाऊ, दुसऱ्या रविवारी तो अंक माझ्या हातात होता, आणि मी सूचना न वाचताच आवरलं. हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

जेवण करून आणणाऱ्या भगिनींचे आणि आपणा सर्वांचे आभार. काही उणं-अधिक बोललो असेन तर पदरात घ्या. अध्यक्षमहाराज, आणखी एक मिनिट घेतो. फडताळातला कागद वहिनींनी दिला आहे आणि एक वाचन माझ्याकडून येणं आहे.

"माझा मुलगा प्रिमस. मेरीलँडमध्ये आम्ही एकाच मालकाकडे होतो. मला विकलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, कुंपणाशी उभा होता. आता मोठा झाला असेल. कुणास माहीत असल्यास कळवावे. आई, डायना. मेकन, जॉर्जिया. चर्चमध्ये मोठ्याने वाचावे, ही विनंती."