मशीनला वारा घातला तो दिवस

त्या दिवशी अंजूरला ऊन असं तापलं होतं, की आमच्या गोदामाच्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. मी तिथला वॉचमन. सगळ्या मालाचा हिशोब ज्या मशीनमध्ये असतो, त्याचं काही दुखलं-खुपलं तर ते आपणहून पुण्याच्या इंजिनिअरला कळवतं. त्या दिवशी ते गप्पच झालं. साहेब बाहेरगावी, म्हणून इंजिनिअरनं मलाच फोन लावला.

"काका, मशीनच्या वर ठेवलेल्या इंटरनेटच्या डबीला हात लावून बघा."

"भाजतंय रे बाबा!"

"मग तीच तापून बंद पडलीय. बटण बंद करून थंड होऊ द्या. फोन ठेवू नका. आत काही बिघडलं असेल तर हिशोब जाईल, आणि मला इथून दिसतच नाहीये."

मी पुठ्ठा घेतला आणि वारा घालत बसलो. तो सारखा विचारी, "झाली का थंड?"

"न्हाय अजून. धीर धर."

शेवटी बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, तसा तो ओरडला, "काका, मशीन बोललं! एक डिस्क जायला आलीय, पण हिशोब शाबूत आहे. उद्या माणूस पाठवतो."

माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन शेजारच्या मंदाला हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "तात्या, मशीन बोललं ना? मग आता लेकीशी बोला. तुमचा फोन सारखा बिझी, लागंना, म्हणून दुपारपासनं ती माझा जीव खातेय!"