लक्ष्मीचं भाषण आणि माझी सही

शांताक्का, गुरुजींच्या शोकसभेला विहाराच्या अंगणात जमलेली वडीलधारी मंडळी, आयाबहिणींनो, गुरुजींच्या विद्यार्थ्यांनो,

माझ्या अगोदर चौघं बोलले. चौघांनी सूर्यवंशी गुरुजींचे गुण सांगितले. सगळं खरं आहे. पण ते सांगायचा हक्क मला नाही. काल मी गुरुजींच्या घरी शांताक्कांकडं गेलो. म्हणालो, "उद्या दोन शब्द बोलू का?" अक्का म्हणाल्या, "बोल बिरप्पा. पण त्येंची स्तुती करू नको. झालं ते सांग." म्हणून उभा आहे.

गुरुजींनी मला चौथीला शिकवलं. पुढं मी शाळेच्या समितीचा अध्यक्ष झालो तेव्हाही गुरुजी त्याच शाळेत होते. माझी पोरगी अश्विनी सातवीत, त्यांच्याच वर्गात. त्या वर्षी पंधरा ऑगस्टला त्यांनी भाषणाची स्पर्धा ठेवली. विषय होता, 'आपलं राष्ट्रगीत मला कसं वाटतं'.

मी म्हणालो, "गुरुजी, त्यात वाटायचं काय? चांगलंच हाय की."

गुरुजी म्हणाले, "कामून चांगलं हाय, ते पोरांनी सांगावं. रोज म्हणतेत. एक दिवस इचार करून म्हणू द्या."

अश्विनीचं भाषण मी लिहून दिलं. जगात असं गीत नाही, ऐकलं की अंगावर काटा येतो, सगळं घातलं त्यात. पोरीनं पाठ करून धडाधडा म्हटलं. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात माझ्या.

मग लक्ष्मी उठली. मारुतीअण्णांची पोरगी, अश्विनीच्याच वर्गातली. हातात कागद नव्हता. ती म्हणाली, "ह्या गीतात मोठमोठ्या नद्या हायत, आमची मांजरा न्हाई. प्रांतांची नावं हायत. आमच्या घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दख्खनी, मग आमचं गाव कुठल्या नावात धरायचं, मला कळत न्हाई. रानात काम करणाऱ्या माणसाचा एक शब्द त्यात पायजे होता." मांडवात चुळबुळ झाली. पोरगी थांबली नाही. "माझ्या आईला त्यातला अर्थ सांगता येत न्हाई. पण शाळेतनं सूर ऐकू आला की ती खुरपं खाली ठेवून उभी राहते. मी विचारलं, कामून? ती म्हणाली, सगळी लेकरं एका आवाजात म्हणतेत, मला बरं वाटतं. म्हणून मलाबी हे गीत आवडतं. ह्यात माझं नाव न्हाई, पण माझा आवाज हाय."

मंडळी, हे शब्द मला पाठ आहेत. आजही.

गुरुजींनी पहिला नंबर लक्ष्मीला दिला. म्हणाले, "काय आवडलं, काय कमी वाटलं, दोन्ही सांगून जो उभा राहतो, त्याचं उभं राहणं खरं." अश्विनीला नंबर मिळाला नाही. मी तोंड पाडून उभा होतो, तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बिरप्पा, भाषण चांगलं होतं. पण ते तुझं होतं. पोरीला काय वाटतं, ते त्यात कुठंच न्हाई." खरं होतं. म्हणूनच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडजवळच्या हॉटेलात चर्चा सुरू झाली. मास्तरनं राष्ट्रगीताला नावं ठेवणाऱ्या पोरीला बक्षीस दिलं म्हणे. एकानं मला विचारलं, "तू होतास की तिथं. काय म्हणाली ती?"

मी म्हणालो, "आमची नदी न्हाई त्यात, असं म्हणाली."

आणि चहा पीत बसलो. पुढचं सांगितलं नाही. काय अडलं होतं माझं? काहीच नाही.

मग शिक्षण खात्याच्या कचेरीत तक्रारीचा अर्ज द्यायचं ठरलं. कन्नडात लिहिता येणारा तिथं मीच होतो. मी लिहिला. हे गुरुजी मुलांना राष्ट्रगीताचा अपमान शिकवतात, असं लिहिलं. खाली पहिली सही माझी.

चौकशीला साहेब आले. मला विचारलं, "ती मुलगी आणखी काही बोलली का?" गुरुजी समोरच्या बाकावर बसले होते. मी म्हणालो, "नेनपिल्ला, साहेब." आठवत नाही. गुरुजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग साहेबांना म्हणाले, "विषय मी दिला. नंबर मी दिला. पोरीला बोलावू नका, ती लहान हाय."

त्यांची बदली झाली. निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना दोन बस बदलून जायचे, आणि तिकडंच निवृत्त झाले. ज्या गावात उभी हयात शिकवलं, त्या गावानं त्यांना निरोपाचा नारळसुद्धा दिला नाही. अध्यक्ष मी होतो.

लक्ष्मीला पोरं 'राष्ट्रगीतवाली' म्हणून चिडवायची. माझ्या घरातही तो शब्द होता. एकदा अश्विनी म्हणाली, "अप्पा, ती तसं म्हणाली नव्हती. मी ऐकलंय." मी तिला म्हणालो, "तू गप बस." सातवी झाल्यावर मारुतीअण्णांनी लक्ष्मीला उदगीरला मामाकडं पाठवून दिलं, ती तिकडंच राहिली.

चार महिन्यांपूर्वी गुरुजी आजारी असल्याचं कळलं, तेव्हा मी गेलो. म्हणालो, "गुरुजी, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"माहीत हाय."

"मला माफ करा."

ते म्हणाले, "माझ्याकडं कामून मागायलास? मी म्हातारा झालो. त्या पोरीला जाऊन सांग. आन् चार माणसांत बोललास, तर चार माणसांतच सांग."

मी हो म्हणालो. गेलो नाही. उदगीर काय लांब आहे? या आठवड्यात जाऊ, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं करत राहिलो. काल अक्कांनी सांगितलं, शेवटच्या दिवसांत गुरुजी दोनदा विचारत होते, "बिरप्पा जाऊन आला का?"

अक्का दोन्ही वेळा काय म्हणाल्या असतील, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

लक्ष्मी, तू मागं भिंतीजवळ तुझ्या वडिलांच्या शेजारी बसलीस, ते मी बोलायला उठताना बघितलं. तू राष्ट्रगीताचा अपमान केला नव्हतास. खोटं मी बोललो, अर्ज मी लिहिला. इथं सगळ्यांसमोर सांगतो. उद्या हेच कन्नडात लिहून, सही करून त्या कचेरीत देणार आहे. गुरुजींच्या नोकरीच्या कागदांत ते लागेल की नाही, माहीत नाही. तू मला काही उत्तर द्यावंस, असं मी मागत नाही. मान वर करून तुझ्याकडं बघणंही मला जमेना झालंय.

मारुतीअण्णा, तुमची पोर तुम्हाला माझ्यामुळं लांब ठेवावी लागली.

अक्का, मला उशीर झाला.

आता सगळ्यांनी गुरुजींसाठी दोन मिनिटं उभं राहावं, ही विनंती. कुणी माझ्याविषयी काही बोलू नका. फक्त गप उभे राहू या.