रश्श्यातल्या शेवया

हसू नका गड्यांनो, कोंबडीच्या रश्श्यात शेवया घालून खायला मी मलायात शिकलो. आमच्या छावणीबाहेर एक चिनी म्हातारा तसलं विकायचा. लढाई संपली, चार वर्षांनी उंब्रजला घरी आलो आणि ट्रंक खाली ठेवायच्या आत म्हणालो, "आये, कोंबडीचा रस्सा कर, आन् त्यात शेवया टाक. लय झ्याक लागतं."

"येड्या, शेवया दुधात घालत्यात," आई म्हणाली आणि एकदम थांबली. "आन् घरात न्हाईत त्या."

"दर उन्हाळ्याला डबाभर करतीस की!"

"औंदा न्हाई झाल्या."

मी कुरकुर केली. शेवटी शेजारच्या काकूंकडून ओंजळभर आणल्या. रस्सा उकळला तशा मीच त्यात सोडल्या आणि एक वाटी काढून झाकून ठेवली. "ही सदाची," म्हणालो. सदा माझा धाकटा भाऊ. तो कराडला गेलाय, असं आईनं आल्या आल्याच सांगितलं होतं.

मी भुरके मारत खाल्लं. आई समोर बसून नुसती बघत होती. मी हात धुतला, तेव्हा म्हणाली, "ती वाटीबी तूच खा, बाबा."

"आन् सदाला?"

"तुला उपाशीपोटी कसं सांगू, म्हनून थांबली हुती रं."

आपल्याकडं घरातलं माणूस गेलं की त्या घरात वर्षभर शेवया करत नाहीत. हे मला ठाऊक होतं. आणि मी तिला विचारत बसलो होतो, डबा रिकामा का म्हणून.