ग्लोरियाचा रकाना

अगं, ही चूक माझ्याच हातून झालीये, म्हणून सांगते. इथल्या कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, मी आकडेवारी बघते ना, तर कुठल्या शहरात लॅटिन अमेरिकन लोक किती टक्के, याचा तक्ता बनवला होता. आमच्या शहराचा आकडा इतका छोटा आला, की हेल्थ सेंटरमध्ये स्पॅनिश दुभाष्याची गरज नाही, असं मीच लिहून दिलं.

काही महिन्यांनी तोच तक्ता उघडून बसले होते. आमचं ऑफिस साफ करणारी ग्लोरिया, मूळची कोलंबियाची, स्क्रीनपाशी थांबली.

"आम्ही एवढेच?"

"जनगणनेच्या फॉर्मवरून तरी एवढेच दिसताय."

"फॉर्मवर आमचा रकानाच नव्हता. मी 'मिक्स्ड'वर टिक केली, नवऱ्यानं 'व्हाइट'वर, आईनं 'अदर'वर." मग हळूच म्हणाली, "आई गेली गेल्या महिन्यात. छातीत दुखतंय म्हणून हेल्थ सेंटरमध्ये स्पॅनिशमध्ये सांगत होती. त्यांना वाटलं, पोट."

मला तिच्याकडे बघवेना. फक्त "सॉरी" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला सांगितलं, माझी शिफारस मागे घेते, दुभाषी हवाच.

"मग आकडा काय लिहू?" त्यानं विचारलं.

"आकडा नका लिहू. आम्ही त्यांना मोजलंच नाही, असं लिहा."

त्यानं तसंच लिहिलं, माझ्या नावासकट.